करून पाहणारे नाना

विश्वंभर नानांनी सात दिवस उपाशीपोटी जिऱ्याचं पाणी घेतलं आणि आठव्या दिवशी सकाळी चौकातल्या पिठाच्या गिरणीत जाऊन ते ज्वारीच्या काट्यावर उभे राहिले. गिरणीवाल्याने वर न बघता सवयीने विचारलं, "बारीक का जाडं?" नानांनी आकडा पाहिला. खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले, पुन्हा चढले. मग आकडा खिशातल्या वहीत टिपून तिथून थेट आमच्या दारात.

"पोरी, पाव किलो वाढलं," ते म्हणाले. "तुझ्या लेखात लिवलंय, सात दिवसांत फरक जाणवेल. जाणवला. पर उलटा."

तो लेख माझा होता. माझा म्हणजे, मी जुळवलेला. पुण्यातल्या एका वेबसाईटसाठी मी घरी बसून लेख लिहिते. आरोग्य, सौंदर्य, घरगुती उपाय, प्रवास, नातेसंबंध, असे सगळे विषय. यातल्या एकाचाही मला अनुभव नाही. त्याची गरज पडत नाही. तीन इंग्रजी साईट उघडायच्या, प्रत्येकीतून थोडं थोडं घ्यायचं, मराठीत आणायचं आणि शेवटी "डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या" असं लिहून हात झटकायचे. त्या तीन साईटवाल्यांनीही आणखी तिघांकडून घेतलेलं असतं. असं मागं मागं जात राहिलं तर कुठेतरी असा एक माणूस सापडेल ज्याने जिऱ्याचं पाणी खरोखर प्यायलं, अशी माझी श्रद्धा होती. तो आमच्या समोरच्याच घरात राहत असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मला हे काम आवडायचं ते एकाच कारणासाठी. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. माझी शाळा सोलापूरला, मावशीकडे राहून, इंग्रजीत झाली. परिणाम असा की इंग्रजीत बोलायची वेळ आमच्या नळदुर्गात येत नाही, आणि मराठीत बोलायची वेळ आली की मी आतल्या खोलीत जाते. दारात कुणी आलं की आई बोलते. लेख मागवणाऱ्या पुण्याच्या मॅडमसुद्धा मेसेजवरच भेटतात.

नानांपुढे हे चालायचं नाही. ते आईला टाळून माझ्या खिडकीशी येऊन उभे राहायचे.

नाना गावातल्या हायस्कुलात प्रयोगशाळेचे शिपाई होते. तीस वर्षं त्यांनी टेबलावर साहित्य मांडलं, मास्तरांनी आणि पोरांनी प्रयोग केले, आणि नंतर नानांनी परीक्षानळ्या धुतल्या. स्वतः प्रयोग करायची परवानगी त्यांना नव्हती. निवृत्तीनंतर ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली. मुलगी हैदराबादला असते, त्यांच्या बायकोला, रुक्मिणकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली, फोनमध्ये इंटरनेट भरपूर. त्यात आईने एकदा कौतुकाने सांगून टाकलं की आमची मुलगी साईटवर लिहिते. तेव्हापासून माझा प्रत्येक लेख नाना वाचायचे. वाचायचे एवढंच असतं तर मी सहन केलं असतं. ते करून पाहायचे.

आणि त्यांचे नियम कडक. पहिला नियम, "एकदा करून काय कळत न्हाय, तीनदा करावं लागतं." दुसरा नियम, "तुलनेसाठी एक तसंच ठेवावं लागतं." पहिल्या नियमाचा त्रास एकट्या मला होता. दुसऱ्याचा सगळ्या गावाला.

मी लिहिलं होतं की केळीच्या सालीने बूट चकाकतात. नानांनी उजवा बूट सालीने घासला, डावा तुलनेसाठी तसाच ठेवला आणि त्याच जोडावर ते बेंबळीला एका लग्नाला गेले. मांडवात वरपक्षाकडल्या कुणीतरी विचारलं, "नाना, एका पायाचंच आवतण हाय का?" नानांनी त्याला शांतपणे सगळी पद्धत समजावून सांगितली, अक्षता पडेपर्यंत. निरीक्षण मला संध्याकाळी खिडकीत मिळालं: "चकाकी पंधरा मिन्टं. त्याच्यानंतर माशा. डाव्यावर माशी न्हाय."

पुढे मी कांद्याच्या रसाने केस उगवतात असं लिहिलं. नानांच्या डोक्यावर प्रयोगाला जागा भरपूर होती. त्यांनी मध्यावरून सुतळी धरली, न्हाव्याकडून खडूची रेघ मारून घेतली आणि महिनाभर फक्त डाव्या बाजूला रस लावला. त्या महिन्यात एसटीत त्यांच्या डाव्या हाताला कुणी बसत नसे. आई दाराआडून पदर नाकाला लावून म्हणायची, "नाना, अवो तुमी तरी ऐका. ती पोरगी कायबी लिवती."

"लिवू द्या की वहिनी," नाना म्हणायचे. "लिवणारानं लिवावं. बघणारानं बघावं."

हे मला लागायला हवं होतं. मी आतून खिडकीचं दार थोडं ओढून घेतलं.

सगळ्यात मोठा घोळ किल्ल्यावरून झाला. मॅडमना "नळदुर्ग किल्ला: एका दिवसात पाहण्यासारखी दहा ठिकाणे" असा लेख हवा होता. किल्ला आमच्या गच्चीवरून दिसतो. तरीही मी तीन साईट उघडल्या. सवय लागली की लागली. लेख प्रसिद्ध झाल्यावर नाना पाण्याची बाटली आणि माझी यादी घेऊन सकाळी निघाले ते ऊन उतरल्यावर परत आले. चपला हातात, गुडघ्यापर्यंत धूळ.

"पाणीमहाल सापडला. उपळी बुरूज सापडला," ते खिडकीत म्हणाले. "सातवं आन् नववं सापडंना. तीनदा फिरलो. शेवटी तिथल्या राखणदाराला इचारलं. तो म्हणला, ही दोन दुसऱ्या किल्ल्यातली हायेत."

"मी दुरुस्त करते, नाना."

"करशील गं. पर म्या लिवलंय की."

"कुठे लिहिलंय?"

"तुझ्या साईटीवर. खाली."

मी पाहिलं. प्रत्येक लेखाखाली वाचकांच्या प्रतिक्रियांसाठी जागा असते. माझ्या लेखांखालची ती जागा कोरीच असते असं मी धरून चालले होते आणि ते मला बरं वाटायचं. आता किल्ल्याच्या लेखाखाली लिहिलं होतं, "ठिकाण क्र. ७ व ९ या किल्ल्यात नाहीत. तीनदा पाहिले. लेखिका हुशार आहे, पण घराबाहेर पडत नाही. विश्वंभर, नळदुर्ग." मी मागचे लेख उघडले. जिऱ्याखाली विश्वंभर, नळदुर्ग. केळीखाली विश्वंभर, नळदुर्ग. कांद्याखाली दोन परिच्छेद आणि विश्वंभर, नळदुर्ग.

मी पाहिलं तसं मॅडमनीही पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा चक्क फोन आला. मॅडम फार गोड बोलतात. त्या म्हणाल्या की आपल्याला आता ओरिजिनल आणि व्हॅल्यूएबल कंटेंट लागणार आहे, कारण इकडचं तिकडचं जमवून लिहायला आता सॉफ्टवेअर आहे, ते तुझ्यापेक्षा लवकर लिहितं आणि किल्लेसुद्धा कमी चुकतं. महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे कुठेही सापडणार नाहीत असे दोन लेख दे. आवडले तर काम पुढे चालू. नाहीतर, त्या म्हणाल्या, तुला माझ्या खूप खूप शुभेच्छा.

मी "ओके मॅम" एवढंच बोलले. आईने मात्र पलीकडून सगळं ऐकलं आणि तिला आनंद लपवता आला नाही. काम सुटलं की मी उमरग्याच्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाला शिकवायला जायचं, हे तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं. चाळीस मुलं, सगळी माझ्याकडे बघणारी, आणि त्यांच्यासमोर मी कवितेला हातवारे करते आहे, असं चित्र मला दिसायला लागलं. त्यांच्या आया फाटकाशी उभ्या.

संध्याकाळपर्यंत आईने ही बातमी नानांना दिली होती. नाना खिडकीशी आले ते अपराधी चेहऱ्याने. अपराधी नाना मी पहिल्यांदाच पाहिले.

"माझ्यामुळं झालं का गं?"

मी नाही म्हटलं. खरं तर हो म्हणायचं होतं.

"ओरिजिनल म्हंजी काय असतंय?"

"जे दुसरीकडे कुठेच नाही ते."

"कुठंच म्हंजी? विंटरनेटवर?"

"हो."

नानांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. तिथे सोळा साईट उघड्या होत्या. "मग तिथं काय हुडकायलीस?"

मी म्हटलं की मला काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या कठड्यावर एक कापडी पिशवी होती. आत शाळेतल्या प्रयोगवह्या, खाकी कव्हर घातलेल्या, वर लेबलं लावलेल्या, कांद्याचा वास येणाऱ्या. पिशवीला कागद टोचला होता, "यातलं कुठंच नाही. वापर."

मी वह्या उघडल्या. चाळीस प्रयोग होते. प्रत्येक पानावर साहित्य, कृती, तुलना, निरीक्षण, अनुमान, अशी शाळेतली मांडणी आणि लाल पेनाने आखलेल्या रेघा. मिरचीच्या दोन रोपांवर चार पानं होती. झाडांशी बोललं की ती जोमाने वाढतात, असं मी कधीतरी लिहून गेले होते. नाना एका रोपाशी रोज अर्धा तास बोलले, दुसऱ्याशी एक शब्द नाही. "निरीक्षण: न बोललेल्या रोपाला नऊ मिरच्या. बोललेलं वाळलं. अनुमान: मी फार बोलतो."

मी हसले. कितीतरी दिवसांनी स्वतःच्या कामावर हसले. मग एकही साईट न उघडता जिऱ्याच्या पाण्याचा लेख पुन्हा लिहिला. गिरणी, काटा, पाव किलो, सगळं. माणसाचं नाव टाकलं नाही, "आमच्या गावातले एक गृहस्थ" एवढंच. मॅडमना पाठवला. त्यांच्याकडे चोरी पकडणारं एक सॉफ्टवेअर आहे. तासाभराने त्यांचा मेसेज आला, "हे कुठून कॉपी केलंस? शून्य टक्के दाखवतंय. असं कधी होत नाही."

लेख चालला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. आमच्या गिरणीवाल्यालाही तो कुठूनतरी आला, आणि त्याने तो नानांनाच वाचून दाखवला. मॅडमनी पुन्हा गोड आवाजात फोन केला. हे काका भारी आहेत म्हणाल्या. पण पुढचा लेख विनोदी नको. "यांचं काहीतरी मनाला भिडणारं दे ना. लोकांना रडायला आवडतं. तसं एक दिलंस तर तुझं काम पक्कं समज."

मी म्हटलं, बघते. वह्यांमध्ये रडण्यासारखं काय असणार? माशा?

शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर एकेचाळिसावा प्रयोग होता. शीर्षक ओळखीचं वाटलं. "एकटेपणा दूर करण्याचे पाच सोपे उपाय." तो लेख मी गेल्या वर्षी चाळीस मिनिटांत लिहिला होता, मधे एकदा उठून मॅगीसुद्धा केली होती. नानांचं ते पान मी जसंच्या तसं इथे देते.

"तुलना: ही होती ते दिवस.

उपाय १. जुन्या मित्रांना फोन करा. निरीक्षण: तिघांना केला. एक नंबर बंद. एकाला ऐकू येत नाही. एकाचा फोन मुलाने घेतला. वडील वारले, नंबर ठेवलाय म्हणाला. मुलगा चांगला बोलला. त्यालाच तीनदा केला.

उपाय २. रोज फिरायला जा, समोरच्याला हसून नमस्कार करा. निरीक्षण: हायवेने गेलो. एक ट्रक थांबला. हैदराबादला यायचं का विचारलं. मुलीला न कळवता जाणं बरं दिसलं नसतं.

उपाय ३. एखादा छंद जोपासा. निरीक्षण: मागील चाळीस प्रयोग पाहा.

उपाय ४. शेजाऱ्यांना चहाला बोलवा. निरीक्षण: रोज चार वाजता दोन कप मांडले. बोलावलं नाही, समोरची मुलगी कामात असते. धुवायला एकच कप निघाला.

उपाय ५. आरशासमोर स्वतःशी संवाद साधा. निरीक्षण: तीनदा केला. समोरच्याला सगळं आधीच माहीत असतं.

अनुमान:"

अनुमानापुढे काही नव्हतं. चाळीस प्रयोगांत नानांनी ती जागा एकदाही रिकामी सोडली नव्हती. केस उगवले नाहीत तेव्हासुद्धा तिथे "कांदा भाजीत घालावा" असं लिहिलेलं होतं.

पान चुकून पिशवीत आलं की वापरायलाच दिलं, ते मला माहीत नाही. कुठेच नसलेलं होतं, हे मात्र खरं. मी लॅपटॉप उघडला. मथळा तर आपोआपच सुचला, त्या बाबतीत माझा हात तयार आहे. "तो रोज दोन कप मांडायचा... वाचून तुमच्याही डोळ्यांत पाणी येईल." हे मी टाइप केलं. टिंबं तीन दिली. मग ते वाचलं आणि मला माझीच शिसारी आली. सगळं पुसलं.

मॅडमना मी मिरच्यांचा लेख पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान आहे, पण भिडत नाही. बघू." ते "बघू" अजून चालू आहे. आईने उमरग्याला फोन करून ठेवलाय.

मग इथे ते पान कसं दिलं, असं कुणी विचारेल. हा मजकूर द्यायच्या आधी मी नानांना पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. खडूची रेघ न्हाव्याने मारली नव्हती, त्याच्या भावाने मारली. आणि बेंबळीच्या लग्नात माशा पंधरा नव्हे, बारा मिनिटांनी आल्या. पहिली तीन मिनिटं धरायची नाहीत, तेव्हा ते मोटरसायकलवर होते. "हितं छापलं तर चालंल," नाना मग म्हणाले. "त्या साईटीवर नगं. तिथं खाली वजन घटवायच्या भुकटीची जाहिरात येती."

पण ही फार नंतरची गोष्ट. मथळा पुसला त्या दिवशी पावणेचार वाजले होते.

आमच्या दारापासून नानांचं दार बारा पावलं आहे. मोजणी अर्थातच त्यांची. "माझी बारा, तुझी पंधरा पडतील," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि ते मला का सांगतात, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मी काय बोलायचं ते मनात तीनदा म्हणून पाहिलं. "कुठं निघालीस?" आईने विचारलं, आणि उत्तर ऐकून तिच्या हातातली पळी तशीच राहिली. माझी पंधरा नाही, एकवीस पावलं पडली. मधे एकदा मी परत फिरले होते.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन कप होते, बशांवर पालथे.

"नाना," मी म्हटलं. पाठ केलेलं पुढचं वाक्य गेलं. "चार वाजले."

नाना गडबडीने उठले, पातेल्यात पाणी टाकलं, पुन्हा थोडं टाकलं, साखर कुठे ठेवली ते विसरले. चहा फार गोड झाला होता. आम्ही फारसं बोललो नाही. मला बोलता येत नाही, आणि नाना, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प होते. कदाचित त्यांना मिरचीचं रोप आठवत असेल.

चहा झाल्यावर मी कप उचलायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून घेतले. "ठेव. धुणं माझं काम हाय." आणि नळाखाली त्यांनी ते धुतले, आतून, बाहेरून, बुडाशी बोट फिरवून, जसं कुणाचं तरी काचेचं सामान परत द्यायचं असावं. दोन्ही कप उजेडात धरून पाहिले.

मी वही बरोबर नेली होती. शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "नाना, अनुमान राहिलंय."

नानांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं. पेन त्या रिकाम्या जागेवर नेलं. मग टोपण परत लावलं आणि वही मिटली.

"एकदा करून काय कळत न्हाय, पोरी," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी दोन्ही कप फळीवर शेजारी शेजारी पालथे घातले. "तीनदा करावं लागतं."